एका चुलीवरच्या दोन बाटल्या

जावा-जावा आणि उभा दावा, असं म्हणतात. मध्य प्रदेशातल्या सौंसरला आमच्या गल्लीतल्या बायका कित्येक वर्षं आमच्या घराकडे कान लावून बसल्या, की या दोघींची चूल वेगळी कधी होते. झाली नाही. त्याचं श्रेय मला मुळीच नाही. माझी जीभ माहेराहूनच तिखट आली आहे. श्रेय माझ्या मोठ्या जावेचं. मी त्यांना बाई म्हणते, आणि इथेही बाईच म्हणणार आहे.

आमच्या घरात वाटणी बाई करतात. म्हणजे शेताची नाही, खाण्याची. बोरगावजवळच्या आमच्या बागेतून संत्री आली की गोड फळांचा ढीग माझ्या मुलांकडे सरकतो आणि हिरवट राहिलेली त्यांच्या पदरात जातात. भाकरी मोडताना मोठा तुकडा कुणाच्या ताटात पडेल हे मी डोळे मिटून सांगू शकते. एकदा दोन साड्या आणल्या, तर "आधी तू उचल" म्हणून त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या. मला याचा राग यायचा. सतत देणाऱ्या माणसासोबत राहणं सोपं नसतं. आपण आयतेच हावरट दिसतो. पण सांगून काही उपयोग नव्हता. वाटून खाल्लं नाही तर बाईंना अन्न गोड लागत नाही, एवढं साधं ते होतं.

साखर मात्र आम्हा दोघींना देवानं वाटून दिली. बाईंना माझ्याआधी लागली, मला नंतर, आणि नंतर लागूनही मीच पुढे गेले. मी घरी शिलाईकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत रात्रंदिवस. एका वर्षी दोऱ्याभोवती काळे ठिपके तरंगताना दिसायला लागले. नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा मारून पाहिलं आणि सांगितलं, की पडद्याच्या बारीक नसा पाझरायला लागल्या आहेत. साखर आवरली नाही तर नजर जाईल. आवरायची कशी? गोळ्या तर चालूच होत्या. इन्सुलिन घ्या, म्हणाले. मी हात जोडले. माझ्या आईला सुई सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत आई गेली. ती सुईमुळे गेली नाही, सुई फार उशिरा लागली म्हणून गेली, हे आज मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं. जन्मभर हातात सुई धरलेली बाई मी, पण अंगाला सुई लावून घ्यायला माझी छाती होईना.

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच्या आसपासची ही गोष्ट. तिथल्या एका दवाखान्यात साखरेच्या नव्या गोळीचा अभ्यास सुरू होणार होता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना विचारलं. घरी ही बातमी आली तेव्हा भासऱ्यांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, कपाळाला हात लावला.

"उंदरावर करते तसं करून राहिले तुमच्यावर," ते म्हणाले. "अन् तुमी दोघी हासत जाऊन राहिल्या."

बाई पोळी लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "आपुन आज जे गोयी खातो, ते बी कोनीतरी पह्यलं खाऊनच पाह्यली असन ना? त्यायनं नाई म्हनलं असतं तं आपुन काय खाल्लं असतं?"

भासऱ्यांनी विषय तिथेच सोडला. त्यांनाही रक्तदाबाची गोळी होतीच.

मी मात्र इतक्या मोठ्या मनानं गेले नव्हते. नवी गोळी लागू पडली तर सुई टळेल आणि डोळे वाचतील, एवढाच माझा हिशेब होता.

दवाखान्यात एक मॅडम होत्या, नागपूरहून यायच्या. अभ्यासाचं सगळं त्यांच्याकडे. त्यांनी आम्हाला समोर बसवून संमतीपत्र वाचून दाखवलं आणि प्रत्येक पानानंतर विचारलं, "काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा." मला कंटाळा आला. बाईंना नाही आला. जुनी औषधं बंद होणार नव्हती. त्यावर काहींना नवी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी साधी गोळी मिळणार होती, जिच्यात औषधच नाही. कुणाला कुठली, हे आम्हाला कळणार नव्हतं आणि मॅडमना, डॉक्टरांनाही नाही. मधेच सोडायचं असेल तर सोडायची मोकळीक होती.

"मंग साद्या गोयीवाल्या बायकाईचा उपेग काय?" बाईंनी विचारलं.

मॅडम खुर्ची पुढे ओढून बसल्या. "त्यांच्याशिवाय कळणारच नाही, काकू. आराम गोळीनं पडला की आपोआप, हे ताडून पाहायला दोन्ही बाजू लागतात. आणि दोन्ही खऱ्या लागतात. इथे खोटं शिरलं, तर उद्या चुकीची गोळी हजारो घरांत जाईल."

बाईंनी मान हलवली, अक्षर अक्षर जुळवत सही केली. मी झटक्यात केली.

तपासणीच्या दिवशी चहाचा घोटही न घेता पहिली बस धरायची. जामसांवलीचं मारुतीचं देऊळ आलं की बाई खिडकीतून हात जोडायच्या आणि मी पोटातल्या कावळ्यांना शिव्या द्यायचे. पांढुर्ण्याला पोचलं की दवाखान्याच्या बाकांवर आमच्यासारखेच उपाशी चेहरे. कापूस वेचणीची मजुरी बुडवून आलेल्या बाया, बागवाले, एक शाळेतले शिपाई. तिगावचे एक काका होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते आत शिरताना दर वेळी मोठ्यानं म्हणायचे, "उंदीर हाजिर!" आणि सगळा बाक हसायचा. त्यांनी एकदा मला सांगितलं, की त्यांच्या वडिलांना साखर होती हे ते गेल्यावर कळलं. "आता मह्या नातवाईच्या वक्ताले तरी कोनाले लवकर समजलं पायजे," म्हणाले, आणि दंड पुढे केला. मी माणसांना चटकन चांगलं म्हणत नाही, पण त्या बाकावरची माणसं मला फार आवडली. कुणी मोठं काही करतोय असा आव आणत नव्हतं. रक्त देऊन झालं की डबे उघडायचे, ठेचा, भाकरी, वांग्याची भाजी, आणि इकडून तिकडे हात फिरायचे. बाई तर तिथे घरच्यासारख्याच. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खायच्या.

आम्हाला प्रत्येकी एक बाटली मिळायची, सारखीच. बाईंनी दोन्ही स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवल्या आणि माझ्या बाटलीला माझ्याच डब्यातला लाल दोरा बांधला. मी विसरभोळी, म्हणून रात्री जेवण झालं की माझी गोळी माझ्या तळहातावर बाईच ठेवायच्या. घरी साखर मोजायचं मशीनही दिलं होतं. थोड्याच आठवड्यांत बाईंचे आकडे उतरायला लागले. माझे जागचे हलले नाहीत.

आकड्यांवरून अंदाज बांधू नका, असं मॅडमनी बजावलं होतं. पण अंदाज बांधू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करतो? बाईंना खरी गोळी आणि मला साधी, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही कळलं.

"मह्या वाट्याले चुनाच आला," मी म्हणायचे. "नशीबच फुटकं, त्याले डाक्टर काय करन!"

त्याच सुमारास एका नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीच्या काळ्या ब्लाऊजला हातशिलाई घालत होते. भर दुपारी, दारात बसून. काळ्यावर काळा दोरा मला दिसेना. बोटांनी चाचपून टाके घातले, ते सगळे वाकडे पडले. मी ते कापड भिरकावलं आणि लहान मुलीसारखी रडले. बाईंनी येऊन कापड उचललं, घडी केली. ती शिलाई मशीनवर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला त्यांच्या त्या घडीचाही राग आला.

त्यानंतर मात्र चमत्कार झाल्यासारखे माझे आकडे उतरू लागले. दर आठवड्याला खाली. मी मशीन घेऊन घरभर फिरले, शेजारणींना दाखवलं. बाईंचे आकडे त्याच वेळी चढत होते, आणि मी माझ्या तिखट जिभेनं म्हटलं, "काय बाई, तुमची गोयी आता म्हतारी झाली वाटते!" त्या हसल्या. किती मोकळं हसल्या, ते आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पुढच्या तपासणीला नागपूरचे मोठे डॉक्टर आले होते. माझे कागद पाहून त्यांचा चेहरा उजळला. मॅडमही उठून माझ्याजवळ आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "लहान काकू, फार छान. तुमच्यासारख्या माणसांमुळेच हे औषध लोकांपर्यंत पोचेल बघा." मी फुलून गेले. डोळे वाचले, सुई टळली, वरून कौतुक. मग डॉक्टर बाईंच्या कागदांकडे वळले आणि जरा गंभीर झाले. "मोठ्या काकू, तुमचं का बरं वाढलं? आधी तर छान होतं. खाण्यात काही बदल झाला का?"

बाईंनी एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उठून उभ्या राहिल्या. डॉक्टरांसमोर बसून बोलणं त्यांना त्या वेळी बरं वाटलं नसावं.

"म्या अदलाबदल केली, डाक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "माही गोयी हे खाते, आनं हिची मी खातो."

डॉक्टरांनी आमचे कागद पुन्हा उलटून पाहिले. मला तर त्या काय म्हणाल्या हेच आधी समजलं नाही.

"हिचे डोये जाऊन राहिले," बाई सांगत होत्या. "मले आराम पडून राहिला होता. मंग म्या एकटीनं काऊन खावं? म्हनून दोरा या बाटलीचा त्या बाटलीले बांधला. हिले काईच ठाऊक नाई. काई करायचं असन तं मले करा. हिची गोयी बंद नोका करू."

मी खालून त्यांच्या हाताला चिमटा काढला. गप्प बसा, म्हणून. आता सांगते तर मला हसू येतं, पण तेव्हा माझा जीव वर-खाली होत होता. कुणाला पत्ता नव्हता. उरलेल्या गोळ्या दर वेळी मोजून परत दिल्या जायच्या, त्याही बरोबर भरायच्या. बाई गप्प राहिल्या असत्या तर माझी गोळी चालू राहिली असती, साखर उतरलेली राहिली असती, डोळे राहिले असते. एवढं सगळं त्यांनी एका वाक्यात दिलं सोडून.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कधीच कळलं नसतं." मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. पण नियम तो नियम. दुसऱ्याच्या नावाची गोळी खाल्ली म्हणजे जिवालाही धोका होता, हे त्यांनी आम्हाला नीट समजावलं. दोघींच्याही अभ्यासाच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. तपासण्यांना मात्र शेवटपर्यंत या, असं सांगितलं. आणि मला म्हणाले, की आता इन्सुलिनला पर्याय नाही, आजच सुरू करू.

पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर मी बाईंवर तुटून पडले. आजूबाजूला माणसं होती, मला पर्वा नव्हती.

"काऊन सांगतलं तुमी? कोनाले समजलं असतं?"

"कोनालेच समजलं नसतं," बाई म्हणाल्या. "म्हनून तं सांगा लागलं."

"अन् माहे डोये?"

त्यावर बाईंचा बांध फुटला. पदर तोंडावर धरून त्या सर्वांदेखत रडल्या. "तुये डोये मले दिसून राहिले होते व. पन ते मॅडम किती खूश झाल्ती! आपल्या खोट्यावर खूश झाल्ती. त्याच्यावर भरोसा ठेवून गोयी बनन, आनं कोनाची तरी पोरगी ते खाईन. तुयासाठी मी काई बी करीन. हे नाई करू शकत."

बसमध्ये मी त्यांच्यापासून दोन बाकं सोडून बसले. खरं सांगायचं तर पुढे बरेच दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. आपली मोठी जाऊ आपल्यापेक्षा चांगली आहे हे कळायला एक संसार पुरतो. ते पचायला जरा जास्त वेळ लागतो.

सुई द्यायला मात्र बाईच शिकल्या. मला स्वतःला टोचणं जमेना. नर्सनं दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पह्यलं मले टोचा. कितीक दुखते ते पाहू द्या." नर्सनं हसत एक नवी कोरी सुई नुसतीच त्यांच्या पोटाला टोचली. बाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुंगी चावते तेवढं बी नाई व." मग त्यांनी मला पहिली सुई दिली. ज्या सुईला मी वर्षानुवर्षं भ्याले, ती अशी बाईंच्या हातानं आली आणि मला काहीही झालं नाही. साखर हळूहळू ताब्यात आली. नागपूरला लेसरही करून घेतलं. उजवा डोळा चांगला राहिला आहे, डाव्याच्या कडेला धूर साचल्यासारखं कायमचं झालं. शिवण अजून करते. काळं कापड तेवढं परत पाठवते.

तपासण्यांना आम्ही शेवटपर्यंत गेलो. मी कुरकुरायचे, की गोळी नाही, काही नाही, मग उपाशीपोटी बसचे धक्के कशाला? बाईंचं एकच, "येतो म्हनलं होतं ना." आमच्यानंतर तिथे एक नवी पद्धत पडली. नवा माणूस आला की मॅडम आधी विचारायच्या, "घरात अजून कुणी या अभ्यासात आहे का? एकाच चुलीवर जेवता का? औषध कोण काढून देतं?" तिगावच्या काकांनी त्याला बाईंचा कायदा असं नाव ठेवलं होतं. बाई लाजून पदर सारखा करायच्या.

अभ्यास संपला, मध्ये बराच काळ गेला, आणि एक दिवस निकाल सांगायला आम्हाला सर्वांना बोलावलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत सतरंजी घातली होती. डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं, की गोळीनं फरक पडतो असं दिसलं, कुणाला जास्त, कुणाला कमी. अजून मोठे अभ्यास होतील, मग ती दुकानात येईल की नाही ते ठरेल. ज्यांना हवं होतं त्यांना कुठली गोळी मिळाली होती तेही सांगितलं. बाईंचा अंदाज खरा निघाला. त्यांची गोळी खरी होती, माझी साधी. म्हणजे लागू पडलेलं औषध त्यांनी खरोखरच स्वतःच्या तोंडातून काढून माझ्या तळहातावर ठेवलं होतं. मला वाटलं, बाई आता काहीतरी म्हणतील. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. सगळे उठायला लागले तेव्हा त्या डॉक्टरांजवळ गेल्या.

"साहेब, आमचे आकडे तुमी फेकून देल्ले असतीन ना?"

"नाही, काकू," डॉक्टर म्हणाले. "एकदा अभ्यासात आलेल्या माणसाला आम्ही मोजणीतून काढत नाही. तुमची अदलाबदल कधी झाली, केव्हा थांबली, सगळं जसं झालं तसं लिहिलं आहे. तुम्ही दोघीही या निकालात आहात. तुम्ही सांगितलंत म्हणून तो निकाल खरा आहे."

बाई तिथेच सतरंजीवर बसल्या. मला वाटलं, साखर उतरली. मी धावले, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. इतके दिवस ही बाई काय पोटात घेऊन माझ्या शेजारी भाकरी थापत होती, ते मला तेव्हा कळलं.

"मले वाटे," त्या म्हणाल्या, "म्या तुया डोयाचं बी वाटोयं केलं, आनं आपुन कोनाच्या कामी बी नाई आलो."

मी त्यांच्याजवळ बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि तिगावचे काका बाहेर जाऊन आमच्या दोघींसाठी बिनसाखरेचा चहा सांगून आले.